खंडनाच्या फेरीत शून्य गुण

परत येऊन महिना झाल्यावर मी हे लिहायला बसले आहे. मधल्या काळात राग निवेल असं वाटलं होतं. निवलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

कोल्हापुरात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. भामरागडला तीन नद्या एकत्र येतात ती जागा एकदा बघायची, एवढी एक हौस राहून गेली होती. कोल्हापूर या टोकाला, भामरागड त्या टोकाला, मधे अख्खा महाराष्ट्र आडवा पडलेला. त्यात नागपूरच्या एका संस्थेचं पत्र आलं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या कॉलेजांची वादविवाद स्पर्धा चामोर्शीला आहे, परीक्षक म्हणून या, गाडीची सोय आम्ही करू. चामोर्शीपर्यंत गेल्यावर भामरागड सोडतंय कोण, म्हणून मी लगेच होकार कळवला.

विषय नंतर आला. ‘मित्रराष्ट्रांच्या आकाशाचे रक्षण करण्यासाठी आपली क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा देण्याचे वचन राष्ट्राने द्यावे.’ विषय वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? जगात सध्या याच्यावरूनच ओढाताण चालली आहे. ज्याच्या डोक्यावर शत्रूची क्षेपणास्त्रं पडतात तो दोस्ताकडं कवच मागतो. दोस्त आज देतो म्हणतो, आणि त्याच्याकडं निवडणूक झाली की बघू म्हणतो. माझी चिडचिड होते ती यावरच्या चर्चेनं. टीव्हीवर सहा चौकटींत सहा डोकी एकाच वेळी ओरडत असतात. समोरच्याचं ऐकून, ‘बाबा, हे तुझं खरं आहे’ असं त्यातलं एकही कधी म्हणत नाही.

जिंकणाऱ्याला वर्षभर पुण्यात राहून कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायला मिळणार होती, राहण्याजेवणासकट. दोन जिल्ह्यांत मिळून जागा एकच होती.

मूल

नागपूरहून निघून दुपारी मूलला पोचले, तेव्हा गावाच्या अलीकडूनच राईस मिलचा वास सुरू झाला. उकडलेल्या धानाचा, कोंड्याचा, थोडा धुराचा असा तो वास आहे. पहिल्यांदा नाकाला नको वाटतो आणि संध्याकाळपर्यंत भूक लागायला लागते. जेवायला भात होता. रात्रीही भात. सकाळी नाश्त्याला काय म्हणून विचारलं तर लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आले, आणि मागोमाग, बाईंना लागेल म्हणून, वाटीभर भात. भाकरी मागितल्यावर खानावळीच्या बाईंनी माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

इथून पुढं गाडी सुखदेवभाऊंची. पन्नाशीचे, मूलचेच, घरी थोडी धानाची शेती आणि गाडी चालवणं हा जोडधंदा. मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी विषय नीट समजावून घेतला. मग म्हणाले, “मॅडम, शेजाऱ्याच्या घरी लगन असलं तं आपन आपले भाताचे मोठे गंज, पराती देतो. आता समजा मी आधीच सांगून ठेवलं का देतो, आन त्याच दिवशी माह्या घरी पाहुणे आले. मंग मी कायच्यात भात शिजवू?”

तीस वर्षं मी हा प्रश्न जाड पुस्तकांतून शिकवला, तो एवढा सरळ कुणी विचारला नव्हता. मी त्यांना सांगितलं की वचन आधी दिलेलं असेल तरच शत्रू बिचकतो, ऐन वेळी दिलेल्या मदतीनं युद्ध टळत नाही. त्यांनी मान डोलावली, पण पराती देण्याबाबत त्यांचं मन काही वळलेलं दिसलं नाही.

वैनगंगेच्या अलीकडं टायर फुटला. ते चाक बदलत होते तोवर मी बांधावर बसले. कापणी उरकलेली, शेतातल्या बांध्यांतून धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, ऊन कोवळं. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मला फार बरं वाटलं. चामोर्शीला मात्र उशिरा पोचले, आणि अध्यक्षांनी मला नमस्कार करायच्या आधी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं.

चामोर्शी

परीक्षकांचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले एक मोठे अधिकारी. तिसरे परीक्षक एका छोट्या वाहिनीवर बातम्या देणारे तरुण गृहस्थ. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की या मागास भागातल्या मुलांमध्ये लढाऊ वृत्ती कमी आहे, ती यावी म्हणून हा उपक्रम. मुलं समोर बसली होती, ऐकत होती. मला तिथंच उठून बोलावंसं वाटलं. बोलले नाही.

संध्याकाळपर्यंत अंतिम फेरीत दोघं उरले. एक प्रज्वल, चंद्रपूरचा, वडील खाणीत कामाला. सकाळी ‘जय भीम, मॅडम’ म्हणून ओळख करून घेताना त्याने माझ्याकडून दोन पुस्तकांची नावं लिहून घेतली होती. दुसरी जयवंती, आलापल्ली-भामरागड रस्त्यावरच्या एका छोट्या गोंड गावातली, बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला. चिठ्ठ्या टाकल्या. जयवंतीला ‘वचन द्यावे’ ही बाजू आली, प्रज्वलला ‘देऊ नये’.

पहिल्या फेरीत दोघंही सुरेख बोलले. जयवंती म्हणाली की कवच कुणाच्या घरावर पडत नाही, ते फक्त अडवतं, म्हणून हत्यारांमध्ये एवढं एकच हत्यार दोस्ताला द्यायला लाज वाटू नये. दोस्ताचं आकाश उघडं राहिलं तर शत्रू आधी त्याला मोडेल आणि मग मोकळ्या हातानं आपल्याकडं येईल. आणि देणार का नाही हे झाकून ठेवलं, तर दोस्तही विश्वास ठेवत नाही आणि शत्रूही घाबरत नाही. प्रज्वल म्हणाला की अडवणारी क्षेपणास्त्रं विटांसारखी भट्टीतून निघत नाहीत, एक बनायला फार वेळ जातो. दोस्ताकडं पाठवली तेवढी आपल्याकडं कमी. उद्या दोघांवर एकदम हल्ला झाला तर कुठलं शहर उघडं ठेवायचं हे ठरवणारा माणूस त्या शहरात राहत नसतो. कवच मिळालेला दोस्त उगाच भांडण उकरून काढेल आणि त्यात आपण ओढले जाऊ, ती भीती वेगळीच.

मग खंडनाची फेरी. चार मिनिटं. जयवंती माईकपाशी आली, हातातला कागद तिने घडी करून ठेवला आणि म्हणाली की प्रज्वलचं उघड्या शहराबद्दलचं बोलणं तिला पटलं आहे. तेवढं तिच्या पहिल्या मांडणीत राहून गेलं होतं. तेव्हा आता ती असं म्हणते की वचन द्यावं, पण किती द्यायचं आणि आपल्यासाठी किती ठेवायचं ते आधी लिहून, आणि ज्यांच्या डोक्यावरचं काढून द्यायचं त्या लोकांना विचारून. त्यांचा होकार नसेल तर ते वचन देणाऱ्याचं नाही, नुसतं बोलणाऱ्याचं आहे. दोस्तानं भांडण उकरलं तर वचन लागू नाही, हेही त्यातच लिहायचं.

एवढं बोलून ती माईक सोडून प्रज्वलकडं वळली आणि इकडच्या बोलीत म्हणाली, “आता तुह्यं काई राह्यलं का यात?”

सभागृह हसलं. प्रज्वल हसला नाही. त्याने खरंच विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, “असं असन तं माह्यी हरकत नाई.”

राजधान्यांमधून गालिचे अंथरून, अत्तर लावून जे जमत नाही ते या दोघांनी लाकडी बाकांच्या सभागृहात चार मिनिटांत केलं होतं. एकानं शंका काढली, दुसरीनं ती मानली, वचन घट्ट केलं, आणि पुन्हा विचारलंही की काही राहिलं का. मी टाळी वाजवायला हात उचलले तोवर अध्यक्षांनी घंटा बडवली.

चहाच्या खोलीत त्यांनी नियमावली उघडली. स्पर्धकाने आपली बाजू सोडल्यास खंडनाच्या फेरीत शून्य गुण. जयवंतीने बाजू सोडली, सबब शून्य. मी म्हटलं, मग प्रज्वलनेही सोडली. ते म्हणाले, त्याने फक्त प्रश्नाला उत्तर दिलं, तेही अनवधानानं, आणि शिवाय ती मुलगी बोलीभाषेत बोलली. वाहिनीवाले गृहस्थ म्हणाले की मॅडम, तिच्याकडं फायर नाही, आमच्याकडं असं कोणी आलं तर आम्ही दुसऱ्यांदा बोलावत नाही. मी आवाज चढवला. वादविवाद कशासाठी असतो, समोरचा खरं बोलला तर ते ऐकू येऊ नये यासाठी का, असं विचारलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले की आपलं मत आदरणीय आहे, पण दोन विरुद्ध एक आहे आणि बक्षीस समारंभाला पाहुणे येऊन बसलेत. मग निकालाचा कागद माझ्यापुढं सरकवला. नियम छापील होता, मी एकटी होते, आणि त्या खोलीत तमाशा नको असं मला वाटलं. मी सही केली.

प्रज्वल पहिला आला. बक्षीस घेताना त्याचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा नव्हता.

आलापल्लीच्या पुढं

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर जयवंती दिसली. भामरागडची गाडी आलीच नव्हती. तिचं गाव माझ्या वाटेवरच, म्हणून तिला गाडीत घेतलं. आष्टी, आलापल्ली मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी साग दाट होत गेला. मी अध्यक्षांना, वाहिन्यांना, जगातल्या सगळ्या राजधान्यांना तोंडाला येईल ते बोलत होते. सुखदेवभाऊ मधे मधे ‘बरोबर हाये’ म्हणत होते. जयवंती खिडकीतून बाहेर बघत होती. मग वळून म्हणाली, “बाई, माह्यं चुकलं काय, ते नीट सांगा. आज सभेत मले सांगा लागन.”

मग कळलं ते असं. गावाच्या ताब्यात गावाचं जंगल आहे, त्याचे कागद येतात, नोटिसा येतात, आणि त्या कायद्याच्या भाषेत असतात. वाचून दाखवणारं गावात कोणी नाही. दर वेळी परक्या वकिलाकडं जायचं आणि तो सांगेल ते खरं धरायचं. जयवंतीनं वकील व्हावं हे सभेनं ठरवलं होतं, तिचीही तीच इच्छा होती, आणि पुण्याची ती जागा हा त्यातला एकच दिसणारा रस्ता होता. बाहेर गेलेल्यानं परत आल्यावर सगळ्यांसमोर हकिगत सांगायची ही तिथली रीत. तुझं काही चुकलं नाही, मी सभेत येऊन सांगते, असं मी मोठ्या तोऱ्यात तिला म्हटलं. माझी बाजू तर स्वच्छ होती, असंच तेव्हा वाटत होतं.

गावात रामराम म्हणावा तसा जोहार झाला. पानावर भात आला, त्यावर अंबाडीची आंबट भाजी, आणि मी, जी तीन दिवस भाकरीसाठी कुरकुरत होते, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग सगळे गोटुलात जमले. लाकडी खांबांचं, चारी बाजूंनी मोकळं, गावानं एकत्र बसायचं ते घर. बाया एका अंगाला, बापे एका अंगाला, आणि सगळे जमिनीवर. बोलणं गोंडीत चालू होतं, जयवंती मला कानात मराठी सांगत होती.

शेजारच्या गावानं निरोप धाडला होता. चैत्रात आमच्या जंगलाला वणवा लागला तर तुमची माणसं विझवायला येतील, असा शब्द द्या. बहुतेकांचं म्हणणं, द्यावा. मैनीबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या नको म्हणत होत्या. त्याच दिवसांत आपल्या बाया मोह वेचायला रानात असतात, आपल्याकडं आग लागली तर इथं कोण राहील, हा त्यांचा मुद्दा. लोकांनी त्यांना परोपरीनं समजावलं. निम्मी माणसं ठेवू, पोरांना राखणीला बसवू. तास गेला, दीड तास गेला. मैनीबाईंचं समाधान झालं नाही. शेवटी विषय पुढच्या सभेवर ठेवला, आणि कुणाच्याही तोंडावर आठी नव्हती.

मी मात्र कंटाळले होते. आमच्या कोल्हापुरातल्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. हात वर, मोजले, झालं. हरलेली मंडळी पुढं वर्षभर जिन्यात बोलत नाहीत, तो भाग वेगळा. मी जयवंतीला हळूच विचारलं की एका बाईसाठी सगळं गाव कशाला अडवून ठेवायचं, हात वर करून मोकळे का होत नाही?

“हात वर करून ठरवलं,” ती म्हणाली, “तं वणवा लागन तवा मैनीबाईच्या घरचं कोनी जानार नाई. मंग आपन शब्द दिला होता, त्याचं काय, बाई?”

तीस वर्षं मी ज्या विषयावर व्याख्यानं दिली, तो त्या मुलीच्या एका वाक्यात आला होता. मित्रराष्ट्रांना दिलेली वचनं ऐन वेळी का मोडतात याची मी वर्गात पाच थोर कारणं सांगायचे. हे त्यात नव्हतं.

मग जयवंतीची हकिगत. ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. कवच म्हणजे काय, प्रज्वल काय बोलला, आपल्याला काय पटलं, आणि मग शून्य कसं मिळालं. लोक गोंधळून ऐकत होते. समोरच्याचं पटलं म्हणून शून्य, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं. मी उठले आणि भडाभडा बोलले. तिचं काही चुकलं नाही, ती सगळ्यांत शहाणी होती, ते दोघं परीक्षक आंधळे होते, मी तिच्याच बाजूनं होते. जयवंती माझं बोलणं गोंडीत सांगत गेली.

मैनीबाई पुढं सरकून बसल्या. त्या मोडक्या मराठीत थेट माझ्याशी बोलल्या.

“दोघं तिकडे. तू इकडे. मंग तुह्या होकाराबिगर ठरलं कसं?”

मी म्हटलं, “सही केली मी.”

“म्हंजे तुले पटलं?”

“नाही पटलं.”

“नाई पटलं, तं सही कायची केली?”

त्या रागावल्या नव्हत्या. हिणवतही नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मघाशी त्यांच्या एका ‘नाही’साठी सगळं गाव दीड तास बसलं होतं आणि पुन्हा बसणार होतं. असं ‘नाही’ मनात ठेवून कागदावर ‘हो’ लिहिणारं माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदा बघितलं असावं. सभा माझ्या उत्तरासाठी थांबली. कुणी उठलं नाही, कुणी दुसरा विषय काढला नाही. सुखदेवभाऊ खांबापाशी बसून जमिनीकडं बघत होते. मला पाहुणे येऊन बसलेत हे कारण आठवलं, नियम छापील होता हे आठवलं, आणि त्या माणसांपुढं ते उच्चारायची लाज वाटली. कालपासून मी जगाला शिव्या घालत फिरत होते. मी सही नाकारली असती तर त्यांना निकाल लावता आला नसता, तीन सह्यांशिवाय तो कागद पुढं जात नाही, हे मला त्या खोलीतही ठाऊक होतं. मी भ्याले होते. तेवढंच मी बोलले.

मैनीबाईंनी मान हलवली आणि विचारलं, आता काय करतेस? मी वही मागितली. निकाल मला मान्य नाही, सही मी मागे घेते, असं कारणांसकट तिथंच लिहिलं, सभेत वाचून दाखवलं आणि आलापल्लीहून पोस्टानं पाठवलं.

भामरागडचा संगम दुसऱ्या दिवशी पाहिला. पाणी संथ होतं, खडक उघडे पडले होते, जागा सुंदर आहे. त्याहून जास्त मला काही आठवत नाही.

संस्थेचं उत्तर कोल्हापूरला आलं. एकदा केलेली सही मागे घेता येत नाही, निकाल अंतिम आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. प्रज्वलचा फोन आला होता, जयवंतीच्या जागी जाणं त्याला जड वाटत होतं. मी त्याला जा म्हटलं. तिच्यासाठी दुसरी वाट शोधायला मी चार ठिकाणी पत्रं लिहिली आहेत, अजून कुणाचं ‘हो’ नाही.

परवा जयवंतीनं फोन केला. वणव्याचा विषय ठरला म्हणाली. मोहाच्या दिवसांत दोन्ही गावांनी आळीपाळीनं राखण करायची, मैनीबाईंना पटलं, शब्द दिला. मग म्हणाली, “बाई, मैनीबाई दर सभेत इचारते, तुमची सही खोडली का म्हणून. काय सांगू?”

“अजून तशीच आहे म्हणून सांग,” मी म्हटलं.